चाकाचा बोल्ट कां तुटतो?

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारें ३५ किलोमीटरवर चाकूर हें तालुक्याचें गांव लागतें. सोयाबीन आणि तूर लातूरच्या अडतबाजाराकडे, ऊस साखर कारखान्यांकडे, आणि सिमेंट, लोखंड, खतें व किराणा माल उलट दिशेनें खेड्यांकडे, असा मालमोटारींचा ओघ या रस्त्यावर रात्रंदिवस चालूं असतो. पहांटेच्या सुमारास चहाच्या टपरीपाशीं गाडी थांबली, कीं क्लीनर खालीं उतरतो आणि हातांतील दांडक्यानें एकेका टायरावर ठोका देत गाडीभोंवतीं फेरी मारतो. एखाद्या दिवशीं मागल्या चाकापाशीं त्याचा हात थबकतो. दहा नटांपैकीं एकाची जागा रिकामी दिसते. नट तर नाहींच, पण ज्यावर तो बसवावयाचा तो बोल्टहि मुळापाशीं तुटून गेलेला असतो.

"उस्ताद, एक बोल्ट गेला बघा."

"नऊ हायेत की अजून. लातुरात गेल्यावर बघू."

हा संवाद चाकूरलाच होतो असें नाहीं. जेथें जेथें मालमोटारी थांबतात, तेथें तेथें तो कोणत्या ना कोणत्या भाषेंत होत असतो. उस्तादाचा हिशेब वरवर पाहतां बिनचूक आहे. दहांतून एक गेला म्हणजे नऊ उरले, आणि दहांचें काम नऊजणांनीं करणें कांहीं अवघड नाहीं. परंतु या हिशेबांतच मोठी चूक दडलेली आहे. टायरासह एका चाकाचें वजन सुमारें १०० किलो भरतें. धांवत्या गाडीपासून सुटलेलें असें चाक गाडीच्याच वेगानें पुढें घरंगळत जातें. त्याला ब्रेक नसतो आणि त्याची दिशाहि कोणाच्या हातीं नसते. समोरून येणारा मोटारसायकलस्वार, रस्त्याच्या कडेनें शाळेला निघालेलीं मुलें, बसची वाट पाहत उभी असलेली एखादी म्हातारी, यांपैकीं कोण त्याच्या वाटेंत येईल हें सांगतां येत नाहीं. म्हणून बोल्ट कां तुटतो हा प्रश्न केवळ गॅरेजवाल्यांचा नव्हे. रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

बोल्ट तुटला असें ऐकतांच बहुतेकांच्या मनांत दोन कारणें येतात. एक, माल फार भरला असेल. किंवा दुसरें, बोल्टाचें लोखंडच हिणकस असेल. हीं कारणें कांहीं वेळां खरींहि असतात. परंतु पुष्कळ वेळां खरें कारण निराळेंच असतें. बोल्ट तुटण्यापूर्वीं कित्येक दिवस त्यावरील नट ढिला झालेला असतो. ढिलाई आधीं येते आणि तुटणें मागाहून येतें. हें कसें घडतें तें समजण्यासाठीं चाक गाडीला कसें बसविलेलें असतें तें प्रथम पाहिलें पाहिजे.

बैलगाडीचें चाक आंसावर ओवलेलें असतें आणि तें बाहेर निसटूं नये म्हणून आंसाच्या टोकाशीं लोखंडी खीळ घातलेली असते. गाडीचा भार आंसावर असतो आणि खिळीचें काम केवळ अडविण्याचें. मोटारीच्या चाकाची रचना अगदीं वेगळी आहे. येथें आंसाच्या टोकाशीं हब नांवाचा जाड लोखंडी भाग फिरत असतो. हबावर आठ किंवा दहा बोल्ट वर्तुळांत बसविलेले असतात. यंत्रशास्त्रांत त्यांना स्टड म्हणतात. चाकाच्या मधल्या तबकडीला तितकींच भोकें असतात. तबकडी बोल्टांवर चढवावयाची आणि बाहेरून नट आंवळावयाचे, झालें काम. हें पाहून कोणासहि असें वाटेल, कीं खुंटीवर टोपी टांगावी तसें चाक त्या बोल्टांवर टांगलेलें आहे आणि गाडीचा सारा भार ते बोल्ट खुंटीप्रमाणें तोलून धरीत आहेत. हाच मुख्य गैरसमज होय.

शाळेंतील मुलगा गुरुजींच्या मेजावरून वह्यांची चळत उचलतो तेव्हां काय करतो, तें आठवून पाहावें. तो वह्या आडव्या रांगेंत धरतो आणि दोन्ही टोकांकडून तळहातांनीं दाबतो. मधल्या वह्यांना खालून कसलाहि आधार नसतो, तरी त्या पडत नाहींत. दाबामुळें त्यांच्यांत जें घर्षण उत्पन्न होतें तें त्यांना धरून ठेवतें. तळहातांचा दाब थोडा सैल होऊं द्या, कीं सगळ्या वह्या एकदम घसरतात. मालमोटारीचें चाक तसेंच धरलेलें असतें. नट आंवळला म्हणजे पोलादी बोल्ट केसभर ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणें मूळ लांबीवर येण्याची धडपड करतो. त्या ओढीनें तबकडी हबावर घट्ट दाबली जाते. गाडीचा भार एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठावर जातो तो या घर्षणाच्या जोरावर. बोल्टांनीं केवळ ओढून धरावयाचें असतें, खुंटीसारखें आडवें सोसावयाचें नसतें.

ही पकड केवढी असते याचा अजमास आंकड्यांनीं करतां येईल. जड मालमोटारींच्या २२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांवरील नट सामान्यतः सुमारें ६०० न्यूटन-मीटर पिळानें आंवळतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ६० किलो वजन टांगावें, एवढा हा पीळ झाला. आटे स्वच्छ आणि सुस्थितींत असतील, तर या पिळानें प्रत्येक बोल्टांत १२ टनांहून अधिक ओढ निर्माण होते. दहा बोल्टांची मिळून ती १२० टन भरते. घर्षणाच्या रूपानें त्याचा आठवा हिस्साच कामास येतो असें धरलें, तरी चाक घसरविण्यास १५ टनांचा जोर लागेल. आतां दुसरी बाजू पाहूं. मागल्या चार टायरांच्या एका आंसावर पूर्वीं १०.२ टन भाराची परवानगी होती. २०१८ सालीं केंद्र सरकारनें ती ११.५ टन केली. म्हणजे एका बाजूस पावणेसहा टन भार आला. ब्रेक आणि खड्डे यांचे धक्के त्यांत मिळविले, तरी पकड पुरी असेल तर चाक जागचें हलत नाहीं. उलट, नट निम्मे सैल झाले तर ही शिल्लक संपते आणि बोल्ट कितीहि उत्तम पोलादाचा असला तरी त्याच्यावर नको तें काम येऊन पडतें.

तें काम वांकण्याचें होय. तबकडी हबावर किंचितहि सरकूं लागली, म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक बोल्ट एकदां या बाजूस व एकदां त्या बाजूस अल्पसा वांकतो. डोळ्याला हें दिसत नाहीं. परंतु घरांतील तारेचा तुकडा हातानें ओढून तुटत नाहीं आणि तोच चार-दहा वेळां पुढें-मागें वांकविला कीं सहज तुटतो, हा अनुभव कोणास नाहीं? मालमोटारीच्या टायराचा घेर सव्वातीन मीटरांच्या आंतबाहेर असतो. एका किलोमीटरास त्याचे तीनशेंहून अधिक फेरे होतात. चाकूर ते लातूर एवढ्या प्रवासांत सुमारें अकरा हजार फेरे, म्हणजे अकरा हजार वेळां वांकणें. "लातुरात गेल्यावर बघू" या वाक्याचा खरा अर्थ हा आहे.

धातूला असा थकवा येतो, हें मनुष्यास फार मोठी किंमत देऊन कळलें. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दक्षिण ध्रुवाकडील सफरींनीं विख्यात झालेला दर्यावर्दी द्युमाँ द्यूर्व्हील हा त्यांतच सहकुटुंब गेला. आंस दिसावयास धडधाकट होता, मग तो मोडला कसा? हादऱ्यांनीं लोखंडाचे स्फटिक बनून तें ठिसूळ होतें, अशी त्या काळीं अनेकांची समजूत होती. पुढें ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-इंजिनियरानें आंसांवर अनेक वर्षें पद्धतशीर प्रयोग केले. जो भार एकदां दिला असतां लोखंड सहज सोसतें, त्याहून पुष्कळ कमी भार लाखों वेळां उलटसुलट दिला असतां तेंच लोखंड मोडतें, हें त्यानें दाखवून दिलें. एखाद्या खांचेपाशीं सूक्ष्म भेग पडते, ती प्रत्येक फेऱ्यागणिक कणाकणानें वाढते, आणि उरलेला भाग भारास अपुरा पडला म्हणजे एका क्षणीं सर्व तुटतें. बोल्टाचे आटे ही अशीच खांचांची ओळ असते. म्हणून भेग बहुधा आट्याच्या तळाशींच सुरू होते.

आतां नट ढिला कां होतो, हा प्रश्न उरतो. पहिलें कारण अगदीं घरगुती आहे. चाक बदलतांना तबकडी व हब यांच्यामध्यें रंगाचे थर, गंजाचे पापुद्रे, माती किंवा वाळूचे कण राहून जातात. आंवळतांना नट घट्ट वाटतो; पण पहिल्या कांहीं किलोमीटरांतच तो कचरा चुरडला जातो आणि बोल्टाची केसभर लांबण नाहींशी होते. ज्या केसभर लांबणीवर बारा टनांची ओढ उभी होती, ती निम्मी झाली कीं ओढहि निम्मी होते. नवें किंवा नुकतेंच रंगविलेलें चाक म्हणूनच अधिक दगा देतें.

दुसरें कारण कंपाचें. गेरहार्ड युंकर या जर्मन संशोधकानें १९६९ सालीं प्रयोगांनीं सिद्ध केलें, कीं जोडाचे दोन भाग एकमेकांवर आडवे सरकूं लागले म्हणजे घट्ट बसविलेला नटहि आपोआप उलटा फिरूं लागतो. येथें एक दुष्टचक्र सुरू होतें. थोडी ढिलाई आली कीं सरकणें सुरू होतें. सरकण्यानें ढिलाई वाढते. आणि वाढलेली ढिलाई पुन्हां अधिक सरकूं देते.

ब्रिटनमध्यें सुटलेल्या चाकांचा अभ्यास झाला तेव्हां डाव्या बाजूचीं चाकें अधिक निखळतात असें आढळलें. तेथेंहि आपल्याप्रमाणेंच वाहनें डावीकडून चालतात. डाव्या चाकाच्या पुढें जाणाऱ्या फिरण्यानें सरळ आट्यांचा नट सुटण्याकडे झुकतो, हें त्याचें एक कारण मानितात. सायकलच्या डाव्या पॅडलाचे आटे उलटे असतात तेहि अशाच विचारानें. कांहीं जुन्या बनावटीच्या मालमोटारींवर याच हेतूनें डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्यांचे असत. ही गोष्ट ठाऊक नसलेला मनुष्य सोडविण्याच्या समजुतीनें नट अधिकच आंवळतो, आणि त्या झटापटींत चांगला बोल्ट मोडून ठेवतो.

ढिलाईची ही कथा ऐकून कोणी म्हणेल, मग नट जितका आंवळावा तितका चांगला. तेंहि खरें नव्हे. पान्याला दोन हात लांब नळी जोडून त्यावर दोन माणसें उभीं राहतात, किंवा हवेवर चालणारी गन नटावर हवा तितका वेळ धरून ठेवतात, तेव्हां बोल्ट स्प्रिंगच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो. रबरी फीत फार ताणली म्हणजे ती लांबच लांब राहते आणि तिची पकड जाते, तसें बोल्टाचें होतें. शिवाय पान्याच्या पिळांतील फार मोठा वांटा, दहांतील जवळजवळ नऊ हिस्से, नटाच्या तळचें व आट्यांतील घर्षण जिंकण्यांतच खर्च होतो. बोल्ट ताणण्यास उरतो तो एखादा हिस्सा. आटे गंजलेले असले तर हाताला नट घट्ट लागतो आणि बोल्टांत ओढ मात्र आलेली नसते. उलट, आट्यांना वाटेल तसें तेल फांसलें तर त्याच पिळानें ओढ प्रमाणाबाहेर जाते. म्हणून तेल लावावें कीं नाहीं, आणि लावावें तर कोठें, हें गाडीच्या कारखान्यानें सांगितलें असेल तसेंच करावें.

वैद्य नाडी पाहतो तसें जाणता मिस्त्री तुटलेल्या बोल्टाचें तोंड पाहतो. तुटलेला तुकडा फेंकून न देतां उजेडांत धरावा. त्याच्या पृष्ठाचा एक भाग गुळगुळीत असून त्यावर, आटत चाललेल्या तळ्याच्या कांठीं चिखलांत उमटाव्यात तशा, एकामागून एक वळणदार रेघा दिसतात काय? दिसत असतील तर ती थकव्याची भेग आहे. रेघा जेथून निघाल्या तेथें तिचा उगम आहे, आणि उरलेला खरबरीत, दाणेदार भाग शेवटच्या क्षणीं तुटलेला आहे. गुळगुळीत भागावर गंज चढला असेल तर भेग बरेच दिवस उघडी होती असें समजावें. बोल्ट मात्र मधेंच बारीक होऊन मान काढल्यासारखा दिसत असेल व आटे एकमेकांपासून दूर गेले असतील, तर तो अति आंवळण्यानें गेला. अशा चाकावरील शाबूत बोल्टांवर नवा नट हातानें फिरवून पाहावा. तो मधेंच अडकला तर तोहि बोल्ट ताणलेला आहे. हिणकस मालाचा संशय असेल तर बोल्टावरील खूण पाहावी. १०.९ ही खूण उच्च प्रतीच्या पोलादाची असते. मुळांत कारखान्यानें ज्या प्रतीचा बोल्ट दिला असेल त्याहून हलका बोल्ट स्वस्त मिळाला म्हणून बसवूं नये.

पुढें चाकाकडे वळावें. नटाखालून निघून तबकडीवर पसरलेले गंजाचे ओघळ, नटाभोंवतालची तांबूस भुकटी, तडकलेला रंग, लांबट झालेलें भोक, भोकाच्या आंतल्या कडेवर उमटलेले आट्यांचे ठसे, आणि एका भोकापासून दुसऱ्याकडे गेलेली बारीक भेग, हीं सर्व तबकडी सरकत होती याचीं चिन्हें आहेत. अशा तबकडीवर नवे बोल्ट घालणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. तबकडी बदललीच पाहिजे.

येथें उस्तादाच्या "नऊ आहेत" या हिशेबाचें उत्तर मिळतें. दहाहि बोल्टांनीं एकच चाक, एकच रस्ता आणि एकच ढिलाई सोसलेली असते. त्यांतील एक तुटला याचा अर्थ इतर नऊ शाबूत आहेत असा होत नाहीं. त्यांच्याहि आट्यांत भेगा चालूं लागल्या असण्याचा संभव मोठा असतो. शिवाय तुटलेल्याचा भार सारखा वांटला जात नाहीं. त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांवर तो अधिक पडतो. म्हणून या धंद्यांतील मान्य नियम असा आहे: एक बोल्ट तुटला तर तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट बदलावेत, दोन किंवा अधिक तुटले असतील तर त्या चाकाचे सर्व बोल्ट व नट बदलावेत. एकच नवा बोल्ट घालून पुढें निघणें हें दुखणें झांकणें झालें.

प्रतिबंधाचे उपाय खर्चाचे नाहींत; ते संवयीचे आहेत. चाक चढविण्यापूर्वीं हब, तबकडी आणि नटाची बैठक तारेच्या ब्रशानें घांसून पुसून घ्यावी. तबकडीवर रंगाचे जाड थर देऊं नयेत. नट एकाशेजारीं एक असे गोल क्रमानें आंवळूं नयेत. एक आंवळला कीं त्याच्या समोरचा घ्यावा. म्हणजे तबकडी तिरकी बसत नाहीं. प्रथम सर्व नट अर्धवट आणि मग पुरते आंवळावेत. गननें नट चढविला तरी अखेरचा पीळ मोजणाऱ्या टॉर्क पान्यानेंच द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरांच्या आंत गाडी थांबवून सर्व नट पुन्हां एकदां त्याच पिळानें तपासावेत. चाकूरला पंक्चर काढून नांदेडकडे निघालेल्या गाडीनें लोहा येईपर्यंत हें काम उरकलेलें बरें. ज्यांचा कचरा चुरडला असेल, ते नट तेवढ्यांत आपली ढिलाई दाखवितात.

रोजच्या पाहणीस एक सोपें साधनहि आहे. प्लास्टिकचे पिवळे बाण नटांवर बसवितात आणि शेजारच्या दोन बाणांचीं टोकें एकमेकांकडे रोखून ठेवतात. एखादा नट फिरला कीं त्याचा बाण वांकडी दिशा दाखवितो. रस्त्यांतून जाणाऱ्या बसच्या चाकावर असे बाण पाहून मुलें ते कशासाठीं म्हणून विचारतात. आतां त्यांना उत्तर देतां येईल. बाण नसतील तर नटापासून तबकडीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढली तरी तेंच काम होतें. मात्र बाण किंवा रेघ नट फिरला एवढेंच सांगतात. नट न फिरतां कचरा चुरडून ओढ गेली असेल तर तें त्यांना कळत नाहीं. तेथें टॉर्क पान्यास पर्याय नाहीं. टायरावर दांडक्यानें ठोका दिल्यानें तर फार झालें तर हवेचा अंदाज लागतो, बोल्टांची कांहींच माहिती मिळत नाहीं.

हें सर्व ठाऊक असूनहि होत नाहीं, याचें कारण बहुधा अज्ञानापेक्षां घाई हें असतें. भाडें फेऱ्यांवर मिळतें, माल वेळेवर पोंचवावयाचा असतो, आणि नट पुन्हां आंवळण्यासाठीं घालविलेली वीस मिनिटें कोणाच्याच हिशेबांत धरलेलीं नसतात. क्लीनर वयानें व मानानें सर्वांत धाकटा. त्यानें गंजाचा ओघळ पाहिला तरी गाडी थांबविण्याचा अधिकार त्याला नसतो. मालकानें त्या वीस मिनिटांना काम म्हणून मान्यता दिली आणि पोराच्या सांगण्यावरून गाडी थांबविणाऱ्या ड्रायव्हरास दोष दिला नाहीं, तर पुष्कळ अपघात गॅरेजांतच टळतील.

शहरांतील गृहस्थानेंहि हा विषय परका समजूं नये. घरच्या मोटारीच्या चाकाला चार किंवा पांच नट असतात आणि त्यांना सामान्यतः १०० न्यूटन-मीटरच्या आंतबाहेर पीळ लागतो. नियम मात्र तेच आहेत. रस्त्यांत स्टेपनी चढविली, अथवा दुकानांत टायर बदलून घेतले, तर गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला पीळ पाहून दुसऱ्या दिवशीं नट पुन्हां तपासून घ्यावेत. महामार्गावर पुढील मालमोटारीचें चाक डुलतांना दिसलें किंवा एखाद्या नटाची जागा रिकामी आढळली, तर तिच्या मागें वा शेजारीं न राहतां, सुरक्षितपणें शक्य असेल तेव्हां ड्रायव्हरास खूण करून सांगावें. चहाच्या टपरीवर तीच गाडी भेटली तर दोन शब्द बोलण्यास संकोच धरूं नये.

चाकूरच्या टपरीपाशीं उभ्या असलेल्या त्या मालमोटारीनें लातूरपर्यंतचे अकरा हजार फेरे करावयाचे कीं गाडी तेथेंच बाजूस लावून मिस्त्रीस बोलवावयाचें, हा निर्णय उस्तादाला एका चहाच्या अवधींत घ्यावयाचा असतो. तुटलेल्या बोल्टाची जागा रिकामी दिसतांच तो उरलेले नऊ न मोजतां पाना घेऊन त्यांच्याकडे वळला, तर रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी माणसांवर त्याचे मोठेच उपकार होतील.